कार्लस्टाडची वाट

१९०५ म्हटलं की आपल्या मनात वंगभंग येतो. लॉर्ड कर्झनने एका प्रांताचे दोन तुकडे केले, १६ ऑक्टोबरला ती फाळणी अमलात आली, आणि त्याच महिन्यात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. ज्यांचा प्रांत तोडला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणूनच मला नॉर्वेच्या १९०५ सालाचं फार दिवसांपासून कुतूहल होतं. त्याच वर्षी, जवळजवळ त्याच महिन्यांत, युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे आणि स्वीडनचा संघ दुभंगला. तिथे लोकांना विचारलं गेलं, दोन्हीकडची फौज सरहद्दीवर आली, आणि तरीही युद्ध झालं नाही. हे कसं जमलं ते त्या जागा पाहून समजून घ्यावं, असं वाटत होतं.

भाचा नोकरीसाठी ओस्लोत असतो. सप्टेंबरात त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच मी मार्ग आखला. आधी ओस्लो, मग आगगाडीने पूर्वेला कोंग्सव्हिंगरचा किल्ला, पुढे सरहद्द, पलीकडे स्वीडनमधलं कार्लस्टाड, आणि शेवटी खाली समुद्रकाठी स्ट्रॉमस्टाड. त्या वर्षाची गोष्ट साधारण याच क्रमाने सरकत गेली होती.

ओस्लोच्या कार्ल योहान रस्त्यावर संसदेची पिवळसर विटांची इमारत आहे. १८६६ साली ती पुरी झाली. तिचा वास्तुकार एमिल लांगलेट हा स्वीडिश होता. समोरच्या चढावर दोन दगडी सिंह आहेत. आकेर्सहुस किल्ल्यावर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याने ते घडवले. मी गेले तेव्हा एका सिंहाच्या पायाशी शाळेतली मुलं डबे उघडून बसली होती. ७ जून १९०५ च्या सकाळी याच चढावर माणसं दाटीवाटीने उभी होती आणि आत काय ठरतंय याची वाट पाहत होती.

दोन्ही देशांचं भांडण वाणिज्यदूतांवरून होतं असं पुस्तकात वाचलं की ते किरकोळ वाटतं. ओस्लोच्या धक्क्यावर जरा वेळ घालवला की तसं वाटत नाही. नॉर्वे हा जहाजांचा देश. त्या काळी त्याचा व्यापारी ताफा जगातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. दूरच्या बंदरात जहाज अडकलं, खलाशी आजारी पडला, मालावरून तंटा झाला, तर कप्तानाने जायचं ते वाणिज्यदूताकडे. आणि तो वाणिज्यदूत स्टॉकहोमच्या परराष्ट्र खात्याच्या हाताखालचा. ज्यांची जहाजं समुद्रावर होती, त्यांना परक्या बंदरात स्वतःचा माणूस नव्हता.

हे असं झालं त्याची मुळं १८१४ सालात आहेत. नेपोलियनच्या बाजूने उभा राहिलेला डेन्मार्क हरला आणि जानेवारीत कीलच्या तहात त्याने नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकला. चार शतकं डेन्मार्कशी जोडलेल्या त्या देशाने हे निमूट मानलं नाही. आयड्सव्होल इथे प्रतिनिधी जमले, १७ मेला त्यांनी स्वतःची राज्यघटना मंजूर केली आणि आपला राजा निवडला. उन्हाळ्यात थोडक्या दिवसांचं युद्ध झालं, मग तडजोड झाली. राजा एक, परराष्ट्र धोरण एक, बाकी घटना, संसद, कायदे नॉर्वेचे आपले. नव्वद वर्षं हा संसार चालला. तो काही जुलमाचा नव्हता, हे सांगायला हवं. पण परराष्ट्रमंत्री नेहमी स्वीडनचा, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं ते त्याच्याच तोंडून.

१९०५ च्या मार्चमध्ये क्रिस्तियान मिकेलसेन पंतप्रधान झाला. बर्गेनचा वकील आणि जहाजमालक. मे महिन्यात संसदेने नॉर्वेच्या स्वतंत्र वाणिज्यदूतांचा कायदा एकमताने केला. २७ मेला स्टॉकहोममध्ये शहात्तर वर्षांचा राजा ऑस्कर दुसरा याने त्यावर सही करायला नकार दिला. नॉर्वेच्या मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. राजाने तेही घेतले नाहीत. आत्ता दुसरं सरकार बनवता येणार नाही, असं कारण त्याने दिलं.

मिकेलसेनने हेच कारण धरलं. घटनेप्रमाणे देशाला सरकार देणं हे राजाचं काम. ते आपल्याला जमत नाही असं राजा स्वतःच म्हणतो आहे, म्हणजे नॉर्वेचा राजा म्हणून त्याचं काम थांबलं. आणि एका राजामुळे जी जोडणी होती, तीही त्याबरोबर सुटली. ७ जूनच्या ठरावाचं मुख्य वाक्य एवढंच सांगतं की राजीनामा दिलेल्या मंत्र्यांनी तूर्त राज्यकारभार पाहावा. दोन राष्ट्रांचा संघ संपला ही गोष्ट त्या वाक्याच्या पोटात, कारण सांगण्याच्या ओघात येते. अध्यक्ष कार्ल बर्नर यांनी ठराव वाचला आणि काही मिनिटांत तो एकमताने मंजूर झाला.

याला वकिली चलाखी म्हणणारे तेव्हाही होते. मी त्या चढावर उभी राहून हा ठराव पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात चलाखीपेक्षा मोठं काही दिसलं. त्यात राजाला दोष दिलेला नाही. स्वीडनच्या लोकांना एक वाकडा शब्द नाही. उलट त्याच दिवशी संसदेने राजाला विनंती केली की तुमच्या बेर्नादोत घराण्यातलाच एखादा राजपुत्र आम्हांला राजा म्हणून द्या. त्या म्हाताऱ्या राजाला ही विनंती जखमेवर मीठ वाटली असेल, आणि त्याने ती पुढे नाकारलीही. पण मागणाऱ्यांनी समोरच्याला परत फिरायला एक सन्मानाची वाट ठेवली होती. ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या प्रवासात दिसत राहिली.

कार्ल योहान रस्ता चढत चढत राजवाड्यापर्यंत जातो. राजवाड्यापुढे घोड्यावर बसलेला जो राजा आहे तो हाच कार्ल योहान, म्हणजे १८१४ साली नॉर्वेला तडजोडीवर आणणारा, नेपोलियनचा जुना सरदार बेर्नादोत. पुतळा १८७५ चा. राजवाडाही त्यानेच बांधायला घेतलेला. १९०५ नंतर ना पुतळा हलवला, ना रस्त्याचं नाव बदललं. याच शहराने १९२५ साली स्वतःचं क्रिस्तियानिया हे नाव टाकून ओस्लो हे जुनं नाव घेतलं, म्हणजे नावं बदलायचा त्यांना कंटाळा होता असं नाही. १७ मेला राष्ट्रीय दिनाची मुलांची मिरवणूक या परक्या राजाच्या नावाच्या रस्त्याने, याच पुतळ्याजवळून जाते. मला हे फार आवडलं.

७ जूनला स्वीडनने होकार दिला नाही. संसदेचं मत कळलं, लोकांचं काय, असा स्टॉकहोमचा प्रश्न होता. १३ ऑगस्टला नॉर्वेत सार्वमत झालं. वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं पडली आणि विरुद्ध १८४. हे आकडे नॉर्वेत अनेकांना पाठ आहेत. भाच्याच्या ऑफिसातल्या एका तरुण मुलीने ते मला जेवताना सहज सांगितले आणि वर म्हणाली, त्या एकशे चौऱ्याऐंशी लोकांना मी मानते.

पण मी थांबले ती एका वेगळ्याच आकड्यापाशी. मतदान फक्त पुरुषांचं होतं. बायकांच्या मताधिकार संघटनेने आम्हांलाही मत देऊ द्या म्हणून मागणी केली आणि ती नाकारली गेली. तेव्हा फ्रेड्रिक्के मारी क्वाम आणि तिच्या सोबतिणींनी ठरवलं की आपण सह्या गोळा करायच्या. ऑगस्टच्या थोड्या दिवसांत त्यांनी देशभरातून सुमारे अडीच लाख सह्या जमवल्या. सगळ्या देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवीस लाख. नॉर्वेचा नकाशा समोर धरला की या कामाची कल्पना येते. एका गावातून दुसऱ्या गावात जायला डोंगर चढून उतरायचा किंवा होडीने खाडी ओलांडायची. कापणीचे दिवस, घरी गुरं, कडेवर पोर. आणि ज्या कागदावर सही करायची त्याला कायद्याने काडीची किंमत नाही, हे सही करणारीला माहीत. तरीही त्यांनी सही केली. संसदेत त्या सह्या पोचल्या तेव्हा त्यांचं आदराने स्वागत झालं, आणि देशाच्या निर्णयात बायकाही आहेत हे नोंदलं गेलं. १९०७ साली काही बायकांना, १९१३ साली सगळ्यांना मत मिळालं. १९०५ च्या शिल्पकारांची नावं घेताना मिकेलसेन, बर्नर, नान्सेन ही नावं सगळीकडे येतात, आणि ती यावीतच. पण क्वामबाईंचं नाव मला शोधावं लागलं, याचं वाईट वाटतं.

राजाची गोष्ट मी थोडक्यात सांगते. बेर्नादोत राजपुत्र मिळाला नाही, तेव्हा डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला विचारलं. ध्रुवप्रदेशाचा संशोधक फ्रित्योफ नान्सेन त्याला राजी करायला कोपनहेगनला गेला. कार्लने अट घातली की लोकांना राजा हवा की प्रजासत्ताक, हे आधी त्यांना विचारा. नोव्हेंबरात दुसरं सार्वमत झालं. राजेशाहीच्या बाजूने २,५९,५६३ आणि विरुद्ध ६९,२६४. मग तो आला, २५ नोव्हेंबरला, हिमवर्षावात, दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन, आणि हाकोन सातवा झाला. त्याचा पुतळा आज परराष्ट्र खात्याजवळच्या चौकात आहे. चौकाचं नाव ७ जून. १९४० साली जर्मनांपुढे न झुकलेला हाच राजा परदेशातून परतला तो दिवसही ७ जून, सालं मात्र चाळीस उलटलेली.

कोंग्सव्हिंगरला जाणारी गाडी पुढे स्टॉकहोमला जाते. शहर मागे पडलं की ग्लोमा नदी सोबत येते, रुंद आणि संथ. बर्चची पानं पिवळी पडायला लागली होती आणि शेतात पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे भारे होते. कोंग्सव्हिंगरला उतरून पूल ओलांडला आणि टेकडी चढले. वर सतराव्या शतकातला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे, तटावर तोफा, त्यांची तोंडं पूर्वेला. पूर्वेला स्वीडन.

हा किल्ला पाहताना १८९५ साल आठवायला हवं. त्या वर्षी याच वाणिज्यदूतांच्या प्रश्नावर स्वीडनने बळाची धमकी दिली आणि नॉर्वेला माघार घ्यावी लागली, कारण लढायला हाताशी काही नव्हतं. ती माघार लोकांच्या जिव्हारी लागली. पुढच्या दहा वर्षांत नॉर्वेने चिलखती युद्धनौका घेतल्या आणि सरहद्दीजवळ ओर्ये, उर्स्कोग अशा ठिकाणी नवे किल्ले उभारले. गरीब देश होता तो. दरवर्षी हजारो माणसं पोट भरायला अमेरिकेला जात होती. अशा देशाने पै पै जमवून दगडी बुरूज बांधले, त्यांवर नव्या तोफा चढवल्या, आणि स्वाभिमान म्हणजे काय ते आपल्या पोरांना त्या बुरुजांकडे बोट दाखवून सांगितलं.

सार्वमतानंतर कार्लस्टाडला दोन्ही देशांची जी बोलणी झाली, त्यांत स्वीडनची पहिली मागणी हीच होती की हे नवे किल्ले पाडा.

किल्ल्यावर मला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. आठवड्यातून काही दिवस त्या पाहुण्यांना माहिती देतात. मी भारतातून १९०५ साठी आले आहे हे कळल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि थर्मासमधली कॉफी दिली. त्यांचे पणजोबा त्या सप्टेंबरात फौजेत बोलावले गेले होते. घरात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाई. युद्ध टळल्याचा आनंद त्यांना झाला, पण किल्ले पाडल्याचा राग मरेपर्यंत गेला नाही. मी विचारलं, मग घरात मिकेलसेनबद्दल काय म्हणत? त्या म्हणाल्या, पणजी म्हणायची की नवरा चिडका का होईना, घरी आला. पणजोबा त्यावर काही बोलत नसत.

या रागाला कमी लेखू नये. ९ ऑक्टोबरला संसदेत कार्लस्टाडचा करार मतास टाकला तेव्हा १०१ सदस्य बाजूने होते आणि १६ विरुद्ध. ७ जूनला जिथे एकमत होतं तिथे आता सोळा जण उठून नाही म्हणाले. मला ७ जूनपेक्षा हा दिवस मोठा वाटतो. स्वातंत्र्याची घोषणा करताना छाती भरून येते. स्वतः बांधलेला बुरूज स्वतःच्या हाताने उतरवायला होकार देताना काय होत असेल! कोंग्सव्हिंगर आणि फ्रेड्रिक्स्टेन हे जुने किल्ले वाचले, पण वाढवायचे नाहीत या बोलीवर. नव्यांवर सुरुंग लागले.

दुसऱ्या दिवशी भाचा गाडी घेऊन आला आणि आम्ही सरहद्दीवर गेलो. रस्त्यावर एक फलक आणि पुढे डांबराचा रंग किंचित बदललेला, एवढीच ती सरहद्द. कागदपत्रं कुणी विचारली नाहीत. पलीकडच्या शार्लोटेनबर्गला प्रचंड मोठी दुकानं आहेत आणि त्यांच्या वाहनतळावर सगळ्या गाड्या नॉर्वेच्या. डुकराचं मांस, गोळ्या-चॉकलेटं, तंबाखू स्वीडनमध्ये स्वस्त पडते म्हणून शनिवारी ही गर्दी होते. १९०५ च्या सप्टेंबरात याच पट्ट्यात शिपाई ओल्या जंगलात तळ देऊन बसले होते.

शार्लोटेनबर्गच्या अलीकडे, मॉग्नोर आणि एडा या गावांच्या मधोमध, बरोबर सरहद्दीवर एक उंच पांढरा स्तंभ आहे. या जागेला आता मोरोकुलियन म्हणतात. स्तंभाच्या माथ्यावर दोन माणसं समोरासमोर हात हातात घेऊन उभी आहेत. १८१४ पासून दोन्ही देशांत शंभर वर्षं शांतता राहिली म्हणून तो उभारला, आणि १६ ऑगस्ट १९१४ ला त्याचं अनावरण झालं. तारखेकडे पाहावं. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसून दोन आठवडेही झाले नव्हते. सगळा युरोप पेटत होता आणि इथे जंगलातल्या माळावर दोन देशांची माणसं शांततेचा स्तंभ पाहायला हजारोंनी जमली होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी नऊच वर्षांपूर्वी एकमेकांवर नेम धरायची तयारी केली असणार. मी त्या स्तंभाभोवती बराच वेळ फिरले. तो कलाकृती म्हणून फार मोठा आहे असं मला वाटलं नाही. पण त्या दिवशी तिथे येणं हे मोठं होतं.

कार्लस्टाड हे व्हेनर्न सरोवराच्या काठचं, क्लार नदीच्या फाट्यांवर वसलेलं टुमदार गाव. बारा कमानींचा एक जुना दगडी पूल आहे, १६८ मीटर लांब. संध्याकाळी त्यावरून सायकली जातात. ३१ ऑगस्ट १९०५ ला दोन्ही देशांचे चार-चार प्रतिनिधी इथल्या फ्रीमेसन मंडळाच्या इमारतीत बोलणीला बसले. नॉर्वेकडून मिकेलसेन, ल्योव्लान, बर्नर आणि फोग्त. स्वीडनकडून पंतप्रधान लुंडेबर्ग, परराष्ट्रमंत्री वाख्टमेइस्टर, स्टाफ आणि हामारशोल्ड. मी ती इमारत बाहेरून पाहिली. दारावरून रोज लोक भाजी घेऊन जातात. आत काय बोललं जातंय याची बातमी मिळवायला तेव्हा देशोदेशीचे वार्ताहर या छोट्या गावात मुक्काम ठोकून होते.

७ सप्टेंबरला बोलणी फिसकटली. प्रतिनिधी आपापल्या राजधानीला गेले. नॉर्वेने फौजेचा काही भाग उभा केला, स्वीडनची फौज आधीच सरकत होती. १३ तारखेला पुन्हा सगळे कार्लस्टाडला आले आणि २३ सप्टेंबरला करार ठरला. मधल्या दिवसांत काय बदललं? माझ्या मते बाजू बदलल्या नाहीत, मागण्यांना कडा आल्या. कुठला किल्ला, कुठला बुरूज, किती काळात, कोणासमोर पाडायचा हे एकेक करून लिहिलं गेलं. त्याच्या बदल्यात नॉर्वेला हवी होती ती लवादाची अट आली: पुढे तंटा झाला तर बंदूक न उचलता हेगच्या लवादाकडे जायचं. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना निर्लष्करी पट्टा ठरला, म्हणजे फक्त नॉर्वेनेच मागे हटायचं असं राहिलं नाही. रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांना कळप घेऊन सरहद्द ओलांडायचा हक्क, नद्यांचं पाणी, मालाची वाहतूक, हे सगळं त्यात आहे. हा निर्लष्करी पट्टा १९९३ सालापर्यंत कागदावर टिकला.

स्वीडनच्या लोकांचं श्रेय नॉर्वेत थोडं कमी सांगितलं जातं, असं मला या प्रवासात जाणवलं. स्वीडनचं सैन्य मोठं होतं, राजा दुखावलेला होता, वर्तमानपत्रांतून नॉर्वेला धडा शिकवा अशी भाषा होती. अशा वेळी समाजवादी नेता यालमार ब्रांटिंग याने राजाला उघड बजावलं की नॉर्वेवरून हात काढा. सेट हॉग्लुंड नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने शस्त्रं खाली ठेवा म्हणून पत्रक काढलं आणि त्यापायी सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करला. स्वतःच्या देशाची बाजू बळकट असताना, स्वतःच्याच राजाला थांबवायला उभं राहायचं, याला मी नॉर्वेच्या कुठल्याही बुरुजापेक्षा मोठं धैर्य मानते. ऑस्करनेही शेवटी मोठेपणा दाखवला. २६ ऑक्टोबरला त्याने नॉर्वेच्या सिंहासनावरचा हक्क सोडला. दोन वर्षांनी तो गेला.

कार्लस्टाडच्या मोठ्या चौकात १९५५ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, ईवार युनसनने केलेला शांतीचा पुतळा बसवला. बाई आहे, तिने दोन्ही हातांनी तलवार मोडलेली आहे आणि पाय एका शिपायाच्या शिरावर ठेवलेला आहे. शांतीचे पुतळे बहुधा कबुतर घेऊन उभे असतात. ही बाई रागावलेली आहे. जोर लावून तलवार मोडते आहे, दंडाचे स्नायू दिसतात. मला आपली महिषासुरमर्दिनी आठवली आणि मी त्या चौकात मनोमन हात जोडले.

स्वीडनच्या चौघांतला यालमार हामारशोल्ड हा कायद्याचा मोठा जाणकार. त्या ऑगस्टात तो कार्लस्टाडला आला तेव्हा घरी त्याचा सर्वांत धाकटा मुलगा एक महिन्याचा होता. २९ जुलै १९०५ चा जन्म. तो दाग हामारशोल्ड. १९५३ साली तो संयुक्त राष्ट्रांचा महासचिव झाला आणि १९६१ साली काँगोच्या शांततेसाठी जात असताना विमान पडून मेला. त्याच्या आधीचा, पहिला महासचिव त्रिग्वे ली हा नॉर्वेचा. एकमेकांपासून वेगळ्या झालेल्या या दोन छोट्या देशांनी जगाला पाठोपाठ हे दोघे दिले.

दागच्या बापाचं काम मात्र कार्लस्टाडला संपलं नव्हतं, आणि त्यासाठीच मी गोटेबर्गमार्गे लांबचा फेरा घेऊन स्ट्रॉमस्टाडला गेले. इथे जमिनीवरची सरहद्द समुद्रात शिरते. पाण्यातून ती नेमकी कुठे जाते याचा तंटा १९०५ नंतर उरला होता, आणि तो शेवंडीवरून होता. ग्रिसेबोडार्ना नावाच्या बुडीत खडकांच्या भागात उत्तम शेवंड मिळे. दोन्हीकडचे कोळी तिथे पिंजरे टाकत. करारात म्हटल्याप्रमाणे प्रकरण हेगला गेलं. तीन न्यायाधीश होते, एक डच, एक नॉर्वेजियन, आणि स्वीडनचा हामारशोल्ड. २३ ऑक्टोबर १९०९ ला निकाल लागला. तिथे स्वीडिश कोळी जास्त काळ मासेमारी करत आले होते, स्वीडनने दीपनौका आणि खुणांचा खर्च केला होता. जे दीर्घकाळ चालत आलं ते शक्य तेवढं ढळू नये, असं म्हणून ग्रिसेबोडार्ना स्वीडनला मिळालं. शेजारचा दुसरा खडक नॉर्वेकडे गेला. नॉर्वेने निकाल मानला. चार वर्षांपूर्वी किल्ले पाडून जी लवादाची अट मिळवली, तिच्याच पहिल्या मोठ्या कसोटीत पारडं समोरच्याकडे झुकलं होतं.

स्ट्रॉमस्टाडच्या धक्क्यावर शेवंडीच्या हंगामाची लगबग होती. स्वीडनमध्ये २० सप्टेंबरनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता हंगाम सुरू होतो, त्याआधी पिंजरा पाण्यात टाकता येत नाही. धक्क्यावर पिंजऱ्यांच्या चळती, दोर, रंगीत तरंड्या. सत्तरीचा एक कोळी दोर तपासत बसला होता. त्याला इंग्रजी छान येत होतं. मी हेगच्या निकालाबद्दल विचारलं तर त्याने मान डोलावली. आजोबांकडून ऐकलं होतं. नॉर्वेच्या कोळ्यांशी कधी कटकट होते का? तो म्हणाला, त्यांच्याकडे हंगाम थोडा वेगळा, नियम थोडे वेगळे, पण पाणी एकच आणि शेवंडही तीच. त्याला बोलायचं होतं ते वेगळंच. हौशी लोकांना आता सहाच पिंजरे टाकायची परवानगी आहे, आणि त्याच्या मते तेही जास्त आहेत, कारण माद्या जितक्या पकडल्या जातात तितक्या प्रमाणात नव्या वाढत नाहीत. मग त्याने मला पिंजऱ्याच्या कडेला ठेवलेली गोल पळवाट दाखवली, कमी मापाची शेवंड तिथून बाहेर पडावी म्हणून, आणि माप नीट कळावं म्हणून माझी दोन बोटं धरून त्या भोकात घातली.